गोब्लिनचा पंच फुसका नाही
सांगलीतल्या गेमर पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेम मालिकेतल्या गोब्लिन नावाच्या शत्रूबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘फायनल फँटसीतला गोब्लिन म्हणजे किरकोळ गडी, त्याचा गोब्लिन पंच शिकून काय उपयोग नाही.’

निम्मं खरं आहे. १९८७ च्या पहिल्या भागात त्याची एचपी (म्हणजे जीव) ८, मारला की ६ गिल (गेममधले पैसे). एका फटक्यात आडवा!

पंचाचं, म्हणजे त्याच्या ठोशाचं, मात्र तसं नाही. १९९२ च्या पाचव्या भागात ब्लू मेजनं (शत्रूंचे डाव शिकणाऱ्या जादूगारानं) तो अंगावर झेलला आणि लढाई संपेपर्यंत उभा राहिला, की पंच त्याचा झाला. एमपी (जादूसाठी खर्च होणारी ताकद) लागत नाही. मारणारा आणि समोरचा एकाच लेव्हलचे असले तर मार आठपट बसतो. लेव्हल जुळली नाही तर साधाच फटका. मेसेजवाल्यानं बहुधा तेवढाच बघितला.

चौथ्या भागात तर रिडिया या जादूगारणीला गोब्लिन समन (लढाईत मदतीला बोलवायचा प्राणी) म्हणूनही मिळतो, फक्त त्यासाठी लागणारी वस्तू गोब्लिन मारल्यावर पडता पडत नाही.