एकटी माशी असेल तर थांबा, मोहोळ उठलं तर थांबू नका

थंडी ओसरायला लागली की सायकलच्या ग्रुपांवर एक सल्ला फिरायला लागतो: "माशी आली की घाबरू नका, हात हलवू नका, शांत उभे राहा." सल्ला चुकीचा नाही, पण तो एकट्या माशीपुरता आहे. आग्या मोहोळ उठलेलं असताना कुणी तो मनापासून पाळला, तर त्याला उचलूनच न्यावं लागेल. दोन्ही प्रसंगांचे नियम एकमेकांच्या अगदी उलट आहेत, आणि आपल्याकडे दोन्ही एकाच पोस्टमध्ये कालवून सांगितले जातात.

आधी एकटी मधमाशी. ताशी पंचवीस-तीसच्या वेगाने जाताना तोंडावर, चष्म्यावर, छातीवर जी माशी आदळते ती हल्ला करायला आलेली नसते. ती तिच्या वाटेने चाललेली असते, मध्ये आपण येतो. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, सावदा, फैजपूर, यावल या केळीच्या पट्ट्यात हे बारा महिने होतं, कारण कुठल्या ना कुठल्या बागेत केळफूल उमललेलं असतंच. गंमत अशी की आपल्या जी-नाईन जातीच्या केळीला फळ धरायला माशीची गरजच नाही. माशीला मात्र केळफुलातला मकरंद हवा असतो. म्हणून दोन्ही बाजूंना बागा आणि मध्ये रस्ता असेल तिथे माश्यांची ये-जा हँडलच्या उंचीवरून चालते. ऊन चढलं की ती वाढते. पहाटे गारवा असेपर्यंत साध्या माश्या फारशा बाहेर पडत नाहीत, हे एक कारण लवकर निघण्याचं. दुसरं कारण मे महिन्यात भुसावळला राहणाऱ्याला सांगायची गरज नाही.

आदळलेली माशी डंख मारते ती अडकली तरच. अडकायच्या जागा ठरलेल्या: हेल्मेटची भोकं, हनुवटीखालचा पट्टा, चष्म्याची आतली बाजू, जर्सीचा उघडा गळा, सैल चड्डीचा पाय आणि उघडं तोंड. चढावर धापा टाकताना तोंड उघडं राहतं. तिथे पातळ बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) नाकाच्या खालपर्यंत ओढलेला बरा. हेल्मेटसाठी मच्छरदाणीचा तुकडा कापून आतल्या गादीखाली बसवला तरी पुरतो. हवा खेळते, माशी थांबते. ते जमत नसेल तर आत पातळ सुती टोपी. जर्सीची चेन उतारावर वरपर्यंत लावायची, मग खाली किती का उकडेना. चष्मा संध्याकाळी काढून खिशात टाकायचा नाही, पारदर्शक काचेचा वापरायचा.

आणि माशी आत गेलीच तर? इथे खरा धोका माशी नसतो, मागून येणारा केळीचा ट्रक असतो. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर साईडपट्टी कुठे आहे, कुठे नाही. हँडलवरचा एक हात सुटून डोक्याकडे गेला की सायकल त्या क्षणी अर्धा-एक फूट उजवीकडे सरकते. डंखाची गाठ दोन दिवसांत उतरते, हे सरकणं महागात पडतं. त्यामुळे क्रम असा: दोन्ही हात हँडलवर, मागच्याला ओरडून सांगायचं, दोन्ही ब्रेक हळूहळू, डावीकडे उतरायचं, पाय जमिनीवर, मगच पट्टा सोडायचा किंवा चेन उघडायची. हेल्मेट झटकायचं नाही, उलटं धरायचं. माशी स्वतःच निघून जाते. जर्सीत गेली असेल तर वरून थाप मारायची नाही, कापड अंगापासून लांब ओढायचं. या सगळ्यात एखादा डंख बसला तर बसू द्या. थांबायला लागणारे ते पाच-सहा सेकंद सोसणं हाच खरा सराव.

डंख बसला की पुढची काही सेकंद महत्त्वाची. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे ती कातडीत रुतते आणि विषाची पिशवी माशीपासून तुटून तिथेच राहते. नीट पाहिलं तर काळ्या काडीच्या टोकाला साबुदाण्याहून लहान पांढुरकी पिशवी दिसते, आणि माशी गेल्यावरही ती आकसत-फुगत असते. विष आत ढकलणं चालूच असतं. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच आत जातं. म्हणून एटीएम कार्डाने खरवडायचं की चिमटीत धरायचं यावर वाद घालत बसू नये. 'द लॅन्सेट'मध्ये १९९६ साली आलेल्या प्रयोगात हेच दिसलं की पद्धतीने फरक पडत नाही, उशीर केला की गाठ मोठी होते. नखाने काढा, लगेच काढा. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असते, ती मागे काही सोडत नाही आणि पुन्हा पुन्हा मारते. तिथे काढायला काही नसतं, तिथून हलणं एवढंच हातात असतं.

नंतर पाण्याने धुवा, ओलं फडकं किंवा बर्फ दहा-पंधरा मिनिटं. बोटाला डंख असेल तर सूज यायच्या आत अंगठी काढा, नंतर ती कापावी लागते. चुना, कांदा, लोखंड घासणं, चिखल, सोडा हे सगळं कातडीच्या वर राहतं, विष आत असतं. चिखलाने तर जखमेत घाण जाते. खाजेसाठी सेटिरिझिन १० मिलिग्रॅमची गोळी ठीक, तिने सुस्ती येऊ शकते हे लक्षात ठेवून. लगेच पेडल मारत सुटू नका. श्रमाने अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया वाढू शकते, अर्धा तास सावलीत बसा. डंख तोंडात किंवा घशात असेल तर मात्र बसून वाट पाहायची नाही. बर्फ चघळत थेट दवाखाना गाठायचा.

उन्हाळ्यातला एक प्रकार सायकलवाल्यांच्या सवयीमुळेच घडतो. रसवंतीवर थांबलो की माश्या आणि गांधीलमाश्या दोन्ही तिथे असतात. ग्लासात न पाहता घोट घेऊ नका. पाण्याच्या बाटलीत ओआरएस किंवा ग्लुकोज घातलं असेल तर तोंडाशी साखर सुकून राहते आणि माशी थेट तिथे बसते. बाटलीला झाकण असलेलं तोंड घ्या, नाहीतर गोड पाणी वेगळ्या बाटलीत ठेवा. गळक्या नळापाशी, पाणपोईपाशी, ठिबकच्या फुटलेल्या नळीपाशीही माश्यांची गर्दी असते, तिथे ओला रुमाल मानेवर टाकताना आधी झटकून पाहा. गांधीलमाशीचं कागदी पोळं पडक्या एसटी थांब्याच्या छताला, मोरीच्या पाईपात, दिशादर्शक फलकाच्या मागे असतं. पंक्चर काढायला सावली म्हणून थांब्यात शिरताना आधी वर पाहायचं, मग सायकल उलटी करायची.

आता आग्या मोहोळ. हा वेगळा विषय आहे. ही मोठी माशी, उघड्यावर एकच पोळं बांधते: उंच वड-पिंपळाला, पाण्याच्या टाकीला, पुलाच्या पोटाला, कड्याच्या कपारीला. पाटणादेवीकडे, कन्नड घाटात, तोरणमाळच्या वाटेवर, अजिंठ्याच्या कड्यांशी डोळे वर ठेवा. खालून पाहिलं तर पोळं दिसतच नाही, माश्यांचा काळपट अर्धगोल पडदा दिसतो. त्यावरून उभ्या गव्हावरून वारा जावा तशी लाट सरकताना दिसली, तर ती शोभा नाही, इशारा आहे. माश्या पोटं वर उचलून तुम्हाला पाहिल्याचं सांगत असतात. फोटो काढायचा नाही, आवाज न करता निघायचं.

मोहोळ उठायला तुम्ही काही करायलाच हवं असं नाही. मधुबाज या शिकारी पक्ष्याने झडप घातलेली असते, कुणी खाली शेकोटी केलेली असते, दगड मारलेला असतो, ड्रोन उडवलेला असतो, आदल्या रात्री मध काढलेला असतो. रस्त्याकडेचा गुराखी "भाऊ, पुढे मव्हय शे, जपीसन जा" (पुढे मोहोळ आहे, जपून जा) म्हणाला तर त्याचं ऐका, अ‍ॅपवरचा नकाशा बाजूला ठेवा.

उठलेल्या मोहोळात उभं राहिलं की काय होतं? पहिल्या डंखासोबत एक वास सुटतो, बाकीच्यांना "इथे मारा" सांगणारा. त्यातलं मुख्य रसायन आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, १९६२ मध्ये ओळखलं गेलेलं, आणि तेच केळ्याच्या कृत्रिम स्वादासाठी वापरतात. यावरून केळं खाऊन सायकल चालवू नये असा निष्कर्ष काढणारे भेटतात. दिवसभर केळीचे घड वाहणारे मजूर आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत, त्यांना विचारा. मुद्दा एवढाच की एक डंख बसलेली जागा सोडली नाही तर पुढचे तिथेच येतात.

म्हणून पळायचं. मधमाशी साधारण ताशी २४ किलोमीटरने उडते. सपाटीवर किंवा उतारावर सायकल तुम्हाला तिच्या बरोबरीने किंवा पुढे नेते, तेव्हा सायकल टाकू नका. चढावर असाल तर वर रेटत बसू नका. मागे वाहन नाही हे पाहून वळा आणि उताराने निघा, घाटात हाच निर्णय सगळ्यात उपयोगी पडतो. सायकल चालवता येत नसेल तरच ती सोडून पळा. जर्सी किंवा मोठा रुमाल चेहऱ्यावर ओढा, फक्त रस्ता दिसेल इतकी फट ठेवा, कारण डोळे, नाक आणि तोंड वाचवणं आधी. पाचशे मीटरवर थांबून "गेल्या का?" म्हणून मागे पाहू नका, चिडलेली आग्या माशी त्याहून पुढेही येते. बंद गाडी मिळाली तर आत शिरा, काचा वर करा. सोबत चार-सहा माश्या आत येतील, त्या परवडतात. तळ्यात उडी मारू नका, डोकं वर काढायची वाट त्या पाहत असतात. आणि यात्रेच्या गर्दीकडे, शाळेकडे पळू नका. ग्रुप असेल तर कुणासाठी थांबणं नाही, पुढे किलोमीटर-दीड किलोमीटरवर जमायचं हे निघण्याआधीच ठरलेलं हवं. मागून येणाऱ्यांना फोन करून अडवा.

रात्री चालवणाऱ्यांसाठी एक: आग्या माशी चांदण्या रात्रीही बाहेर पडते आणि उजेडाकडे येते. पुलाखालच्या पोळ्यावर हेडलाइट मारून "बघा केवढं मोठं" हा खेळ करू नये.

सुटल्यावर नांग्या काढत डंख मोजा. दहा-बाराच्या वर असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा. पन्नासच्या घरात असतील तर विषाचा भार मूत्रपिंडावर येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या उन्हात आधीच पाणी कमी झालेलं असतं. लघवी लालसर-तपकिरी झाली तर डॉक्टरांना सांगा. दुखतंय म्हणून स्वतःच्या मनाने डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नका.

आणि ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याला एक डंखही पुरतो. डंखापासून दूर, सगळ्या अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, उलटी, चक्कर: यातलं काही दिसलं की आडवं झोपवा, पाय उंच करा, उठून चालू देऊ नका. श्वास लागत असेल तर टेकवून बसवा. १०८ ला फोन करा. इथे जीव वाचवणारं औषध अ‍ॅड्रेनालीन आहे, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. सेटिरिझिन त्याची जागा घेत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, कारण त्यावर अ‍ॅड्रेनालीन कमी लागू पडतं.

ग्रुपचे लोक टायरचा दाब पीएसआयमध्ये सांगतात, पण शेजारच्याला माशीची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारत नाहीत. राईडच्या यादीत नावापुढे रक्तगट लिहितात, तिथेच हा एक रकाना वाढवा. पालच्या घाटाला किंवा मनुदेवीला रविवारी निघत असाल तर यावल, रावेरच्या ग्रामीण रुग्णालयाचा फोन नंबर आदल्या दिवशी काढून ठेवा आणि अ‍ॅड्रेनालीन आहे का, रविवारी ड्युटीवर कोण आहे, एवढं विचारून घ्या.