रायचूरचा फेरफार

गेल्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातून रायचूर गेलं. लढून नाही, लढाई तर मी जिंकत होतो. ते नानांनी सोडलं. माझ्या खुर्चीत बसून, माझ्याच माऊसने.

'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' नावाचा एक कॉम्प्युटर गेम आहे, स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने २०१३ साली काढलेला. ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. एक राज्य निवडायचं आणि तेवढी पावणेचारशे वर्षं ते बुडू द्यायचं नाही. शहाणी माणसं ऑटोमन घेतात. मी बहमनी घेतो, कारण त्यात आपला मुलूख येतो आणि राजधानी बीदर, जिथे आमची बस एकदा सहा तास बंद पडली होती. खाली विजयनगर. मध्ये कृष्णा आणि तुंगभद्रेच्या बेचक्यातला रायचूर दोआब, ज्याच्यावरून ही दोन राज्यं खरोखरच पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या उरावर बसली. माझ्या खेळात तो पहिल्याच लढाईत गेला होता. परत घ्यायला मी तीन आठवडे लावले, रोज रात्री अकरा ते दीड.

आणि ह्या वेळी मी सगळं नीट केलं होतं. विनाकारण हल्ला केला तर राज्याचं स्थैर्य ढासळतं, म्हणून आधी रीतसर कुरापत शोधली. फौज दोन ठिकाणी विभागून ठेवली, कारण प्रत्येक प्रांत ठरावीक तोंडांनाच जेवू घालतो. त्यापेक्षा जास्त माणसं नेलीत तर तलवार न उपसता दर महिन्याला मरत राहतात. शाळेत पानिपत शिकताना मला सगळा वेळ तोफा आणि हत्तीच दिसायचे. पहिल्यांदा चाळीस हजारांची फौज एका उजाड डोंगरात नेऊन ठेवली आणि ती माझ्या डोळ्यांदेखत वितळली, तेव्हा कळलं. १७६० च्या डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद आटली, आणि १४ जानेवारीला जी फौज बाहेर पडली ती उपाशी होती. हे पुस्तकात होतंच. पण पुस्तकातली माणसं माझी नव्हती.

तर नाना. वरच्या मजल्यावर राहतात. नानी किल्ली घेऊन भिशीला गेल्या होत्या, म्हणून नाना आमच्याकडे आले आणि थेट माझ्या मागे खुर्ची टाकून बसले.

"काय रे, नकाशा रंगवतोयस?"

आता ह्यातली गोम अशी, की नाना भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेत. चौतीस वर्षं भूकरमापक. नकाशा दिसला की त्यांना राहवत नाही.

"हा हिरवा कुणाचा?"

"माझा."

"कागद?"

मी समजावलं, की जिंकलेला प्रांत लगेच आपला होत नाही. प्रशासनाचे पॉइंट घालून तो 'कोअर' करावा लागतो, साधारण तीन वर्षं लागतात. तोवर लोक धुमसत असतात, वसुलीही धड होत नाही.

नानांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे फेरफार."

"हो, तसंच काहीसं."

"नोटीस किती दिवसांची?"

"नोटीस नसते, नाना."

"मग हरकत कुठे घ्यायची?"

"लोक बंड करतात ना, तीच हरकत."

नानांनी मान डोलावली. "आमच्याकडेही शेवटी तेच व्हायचं. आणि ह्या तिरक्या रेघा कसल्या?"

"तिथे माझी फौज बसलीय. जागा माझ्या ताब्यात, मालकी त्यांची."

"अतिक्रमण."

"अतिक्रमण नाही हो, लढाई चालू आहे."

"अतिक्रमण करणारा हेच सांगतो," नाना म्हणाले.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. सोसायटीत माझ्या गाडीच्या जागेत गेली चार वर्षं नानांची स्कूटर उभी असते. मी एकदा विषय काढला, तर नाना घरून टेप घेऊन आले आणि माझीच गाडी सामायिक जागेत नऊ इंच आहे हे मोजून दाखवलं. स्कूटर तिथेच आहे. पण तो विषय वेगळा.

मी विषय बदलावा म्हणून महमूद गावानचं काढलं. बहमनींचा वजीर, बीदरचा मदरसा त्याचाच. त्याने जमिनींची मोजणी करवली, हद्दी ठरवून सारा बांधला, चार प्रांतांचे आठ केले आणि मोठमोठ्या सरदारांचे पंख छाटले.

"मोजणी केली?" नाना एकदम ताठ बसले. "मग?"

"१४८१ मध्ये सुलतानाने डोकं उडवलं."

"बरोबर. मोजणीवाल्याचं असंच होतं." थोडं थांबून, "कशावरून?"

"सरदारांनी कट केला. त्याच्या शिक्केवाल्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, आणि त्यावर ओरिसाच्या राजाला पत्र लिहिलं, की या, राज्य तुमचंच आहे."

"कोऱ्या कागदावर!" नाना इतके कळवळले की मला वाटलं, गावान त्यांच्याच खात्यात होता. मग त्यांनी १९८७ सालची एक हकीकत सांगितली, ज्यात एक साहेब, एक विहीर आणि कोरा पंचनामा होता. ती वीस मिनिटं चालली. तिचं सार असं, की नानांनी आयुष्यात वाचल्याशिवाय कशावरही सही केली नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा.

तेवढ्यात सिलिंडरवाला आला. त्याला ओटीपी हवा होता. ओटीपी बायकोच्या फोनवर, फोन पिशवीत, पिशवी गाडीत. मी गेम थांबवून खाली गेलो. एकूण सात मिनिटं.

परत आलो तर नाना माझ्या खुर्चीत. नकाशावरच्या तिरक्या रेघा गायब. माझी फौज मुकाट घराकडे निघालेली.

"नाना, काय केलंत?"

"थांबलं होतं ते. मी तो लांब खटका दाबून चालू केलं. मग एक कागद आला. ते पैसे देत होते, मी हो म्हटलं."

"किती?"

"एकशे वीस."

एकशे वीस डुकाट, म्हणजे गेममधली नाणी. चौसष्ट टक्के लढाई जिंकलेली होती. आणखी एक किल्ला पडला असता तर दोआब आणि वर भरपाई. आणि मी आयर्नमॅनमध्ये खेळतो, म्हणजे एकच सेव्ह, आणि तोही गेमच करणार. झालं ते झालं. आता पाच वर्षांचा तह. तो मोडला तर राज्याचा पार बोऱ्या वाजतो.

"पण वाचलंत तरी का?"

"वाचलं की. जमिनीची भानगड नको रे. रोख घ्यावी आणि मोकळं व्हावं. आणि महाराजांनी पुरंदरला तेवीस किल्ले नाही दिले? तुझं एक रायचूर."

"नाना, महाराजांनी ते परत घेतले!"

"केव्हा?"

"१६७० ला."

"आणि तह केव्हाचा?"

"१६६५."

"किती झाली?"

मी काही बोललो नाही. तह पाच वर्षांचा असतो हे त्यांना मीच दहा मिनिटांपूर्वी सांगितलं होतं.

बायको दारात उभी राहून हसत होती. मला राग आला तो खरा तिथे. हाच प्रकार क्रिकेटचा असता तर? नाना आयपीएलची अख्खी मॅच बघतात, चार-चार तास, आणि त्या खोलीत दर तासाला चहा जातो. मधे कुणी टीव्हीसमोरून गेलं तर घरात आठवडाभर अबोला. तिथे बघणाऱ्याला काही करायचंही नसतं, नुसतं बघायचं. मी इथे सारा वसूल करतोय, फितुरी सांभाळतोय, आभाळात धूमकेतू दिसला म्हणून प्रजा बिथरली (हे खरंच होतं, स्थैर्य एकने उतरतं आणि त्यावर तुम्ही काहीही करू शकत नाही), पण एकेचाळिसाव्या वर्षी तो 'अजून गेम खेळतो'. माझ्या हातातलं काम कुणालाही कधीही उचलता येतं, कारण ते काम नाहीच. सिलिंडर आला, हा उठेल. पाहुणे आले, हा उठेल. कुणाची किल्ली हरवली, ह्याची खुर्ची आहेच. एकाच वेळी सगळे शेजारी अंगावर घेऊ नयेत, नाहीतर ते युती करून येतात, हे मी ह्या खेळात पाच वेळा बुडून शिकलो. म्हणून गप्प बसलो. घरात युती झालेलीच होती.

"तरी सांगत होते, रात्री झोप म्हणून," बायको म्हणाली. ह्याचा रायचूरशी काय संबंध ते मला अजून समजलेलं नाही.

रविवारी संध्याकाळी पुन्हा बेल वाजली. नाना.

"तुझी मुदत कधी संपतेय?"

"मार्च १४७३."

नानांनी खिशातून छोटी डायरी काढली. "म्हणजे आपल्याकडे किती वाजता?"

मी गेमचा वेग बघितला, मनात हिशोब केला. "साधारण साडेआठला."

विम्याच्या हप्त्याखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : रायचूर, ८.३०. मग डायरी खिशात ठेवून खुर्ची ओढली आणि आत हाक मारली, "सूनबाई, तोवर बसतो ग." चहा आला, सोबत दोन बिस्किटं.

खिशातून त्यांच्या घराची किल्ली लोंबत होती. मला दिसली.