मालक, गादी सोडू नका

परवा एका कारखान्यात फोन करून टॉवेलचं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, विचारलं. उत्तर आलं, "एक नंबर माल आहे मालक, हात लावून बघा." फोनवरून हात कसा लावायचा, ते काही सांगितलं नाही. ज्यांना पुढची तीस वर्षं आहे तिथंच, आहे तसंच बसून काढायची आहेत, त्या सोलापुरातल्या समस्त कारखानदारांसाठी हे चार सल्ले.

सगळ्यात आधी, कारखान्यात वजनकाटा येऊ देऊ नका. काटा आला की हिशोब आला. ३० बाय ६० इंची टॉवेल म्हणजे साधारण ७५ बाय १५० सेंटीमीटर, म्हणजेच १.१२५ चौरस मीटर. ४५० जीएसएम म्हणून विकायचा तर तो ५०६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. शाळकरी पोराला जमेल असं गणित आहे, धोका तोच. गोल कटर तर बघूसुद्धा नका. त्यानं १०० चौरस सेंटीमीटरचा तुकडा निघतो, ग्रॅममधल्या वजनाला शंभरानं गुणलं की जीएसएम हातात. घेतलाच कटर, तर तुकडा बॉर्डरवर कापा. तिथं लूप, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे फासे, नसतात, आकडा भलताच येतो आणि वाद घालायला बरं पडतं. वजन करायचं ते खळ निघायच्या आधी. भरघोस भरतं. गिऱ्हाइकाकडं पहिल्या धुण्यात खळ वाहून गेली आणि टॉवेल हलका झाला, तर सांगा, "तुमचं मशीन खराब आहे." हाताला मऊ लागावा म्हणून सिलिकॉन सॉफ्टनर सढळ हातानं ओता. मग टॉवेल पाणी टिपत नाही. न टिपेना! टिपत नाही म्हणून फोन आला की गिऱ्हाईकच अडाणी. अहो, माल घ्यायला आलेल्या हॉटेलवाल्यानं मागितलं काय होतं? लांबी, रुंदी, धुतल्यानंतरचं वजन, रंग जाईल की राहील, आणि एक नग नमुना. चार ओळी आणि एक कुरिअर. तेवढ्याला तुमच्याकडं माणूस नाही. पण संध्याकाळी टपरीवर "पानिपतनं धंदा खाल्ला" म्हणून, हरियाणातल्या त्या कापडगावाच्या नावानं रडायला अख्खी पेठ हजर!

असो. पुढचे सल्ले.

भाव विचारला की "या, बसून बोलू."

वडिलांनी जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, चढवलेलं डिझाईन उतरवायचं नाही. पाप लागतं.

सगळा माल एकाच व्यापाऱ्याला द्या. तो भाव ठरवील, तोच तारीख ठरवील, आणि दिवाळीला मिठाईचा बॉक्स पाठवील. पैसे मात्र मागू नका, संबंध बिघडतात. २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे आलेच पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी आयकरात उत्पन्नातून वजा करता येतो, आधी नाही. म्हणजे मार्चअखेर गरज त्याला असते. पण त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, लागते आणि बिलावर तो नंबर छापलेला बरा. कशाला ती कटकट?

नाही, आता सरळच बोलतो. माल वाईट नाही तुमचा. सूत चांगलं, विणकर चांगला, हात पिढ्यान्‌पिढ्यांचा. वाईट आहे तो तुमचा आळस, आणि त्याला तुम्ही परंपरा म्हणता. मुलगा वेबसाईट काढू म्हणाला तर "तुला धंद्यातलं काय कळतं बे" म्हणून गप्प करता आणि तो पुण्यात नोकरी धरला की "पोरांना धंदा नको" म्हणत फिरता. बाहेरच्या चादरीवर सोलापूरचं नाव दिसलं की तावातावानं भांडता. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमच्या कारखान्याचं नाव नोंदवलंय? अर्ज तरी केलाय? मग कुणाच्या नावानं बोंबलताय?