हिडा स्कॅनच्या आधी ‘जितका लांब उपवास तितका चांगला’? मुळीच नाही

पित्ताशय आणि पित्तनलिकेच्या हिडा स्कॅनबद्दल एक मेसेज फिरतोय. आदल्या दिवसापासून कडक उपवास करा, दुखलं तर गोळी घेऊनच जा, स्कॅननंतर तीन दिवस मुलांना जवळ घेऊ नका, आणि बाळाचा स्कॅन असेल तर आधी सांगितलेलं ‘झोपेचं औषध’ देऊ नका, असं त्यात लिहिलंय. रोज पेशंटची तयारी करून घेणारी म्हणून सांगते, यातला एकही सल्ला पाळू नका.

आधी उपवास. या तपासणीत टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेलं मेब्रोफेनिन नावाचं औषध शिरेतून देतात. यकृत ते रक्तातून उचलून पित्तात सोडतं, आणि पित्ताशय भरताना, पित्त आतड्यात उतरताना गॅमा कॅमेऱ्यावर दिसतं. नुकतंच खाल्लं असेल तर पित्ताशय आकसत असतं, औषध आत शिरत नाही. २४ तासांहून जास्त पोटात काही नसेल तर ते दाट पित्ताने काठोकाठ भरलेलं असतं, तेव्हाही औषध आत शिरत नाही. दोन्ही वेळा पित्ताशय दिसतच नाही, आणि नेमकी हीच तर पित्ताशयाला तीव्र सूज असल्याची खूण! म्हणजे चांगल्या पित्ताशयावर आजाराचा शिक्का बसायची भीती. मोठ्या माणसाला साधारण ६ तास पुरतात. रात्री जेवून सकाळी या.

आणि हा उपवास एकादशीचा नाही. ‘उपवासाचंच खाल्लंय’ म्हणून साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेले पेशंट असतात. तूप आणि दाण्याचं कूट पोटात गेलं की पित्ताशय पिळलं जातं. दुधाचा चहाही नको, पाणी चालतं. पेशंट वॉर्डात दोन दिवस नुसत्या सलाईनवर असेल तर ते आवर्जून सांगा. अशा वेळी आधी सिंकॅलाइडचं इंजेक्शन देऊन पित्ताशय रिकामं करता येतं. ते नसेल तर काय करायचं हे डॉक्टर ठरवतात, पण त्यांना माहीत तर हवं. मधुमेह असेल तर उपाशीपोटी इन्सुलिनचं काय करायचं, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

गोळीचं म्हणाल तर कोणती, यावर सगळं आहे. मॉर्फिन, ट्रामाडॉल यांसारख्या औषधांनी पित्तनलिकेच्या टोकाची झडप आवळते, पित्त आतड्यात उतरत नाही आणि नलिका तुंबल्यासारखी दिसते. पॅरासिटामॉलच्या कित्येक गोळ्यांत ट्रामाडॉलही असतं, म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचा किंवा पाकीटच घेऊन या. नुसत्या पॅरासिटामॉलचा हा त्रास नाही. (पित्ताशय दिसत नसेल तर स्कॅन चालू असताना डॉक्टर स्वतः मॉर्फिन देतात, पण ती वेळ त्यांनी निवडलेली असते.) नेहमीची औषधं मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

तीन दिवस मुलांपासून दूर? टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं. दिवसभरात सोळावा हिस्सा उरतो. मोठ्या माणसाला मिळणारा किरणोत्सर्ग साधारण ३ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतो त्याच्या आसपास. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर इंजेक्शनच्या आधीच सांगा.

सगळ्यात घातक सल्ला बाळांबद्दलचा आहे. कावीळ न उतरणाऱ्या बाळाची पित्तनलिका जन्मतःच बंद आहे का, हे पाहायला हा स्कॅन करतात. त्याआधी ३ ते ५ दिवस फेनोबार्बिटोन (मेसेजमधलं ‘झोपेचं औषध’ ते हेच) देतात, ते यकृताने स्कॅनचं औषध जोमाने पित्तात सोडावं म्हणून. ते चुकवलं तर नुसत्या यकृताच्या सुजेतही आतड्यात काही उतरलेलं दिसत नाही, आणि नलिका बंद असल्याचा संशय उगाच बळावतो. डोस ठरल्याप्रमाणे पूर्ण करा. बाळ जरा पेंगुळेल, पण दूध ओढेनासं झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा. औषधाचे दिवस संपले की स्कॅन पुढे ढकलू नका. नलिका खरंच बंद असेल तर ‘कसाई’ (Kasai) नावाची, पित्ताला आतड्यात वाट करून देणारी शस्त्रक्रिया बाळ २ महिन्यांचं व्हायच्या आत झालेली बरी. बाळाची शी पांढरट होत असेल तर मेसेज वाचत बसू नका, आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.