गच्ची हमखास गळावी म्हणून

गच्ची आपोआप गळत नाही. त्यासाठी घरमालक आणि ठेकेदार दोघांनाही झटावं लागतं, आणि यातला ठेकेदार आपला वाटा न चुकता उचलतो. कमी पडतो तो घरमालक. कुणी उगाच लेखी मागतो, कुणी पैसे अडवून धरतो, आणि मग ऐन आषाढात छत कोरडं ठणठणीत राहतं. अशा लोकांना चार महिने शेजाऱ्यांशी बोलायला विषय नसतो. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप.

आधी मुहूर्त बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वॉटरप्रूफिंगचं काम काढण्याचा अविचार करू नका. त्या दिवसांत ठेकेदार मोकळा असतो, कोब्यावर, म्हणजे स्लॅबवरच्या विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या थरावर, आठवडाभर पाणी मारायला सवड मिळते, आणि काम चांगलं होण्याचा धोका संभवतो. थेट मेच्या शेवटच्या आठवड्यात फोन करा. तेव्हा त्याने अर्ध्या गावाच्या गच्च्या अंगावर घेतलेल्या असतात, तरी तुम्हाला तो नाही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी एक पोरगा येऊन गच्चीवर दोन घमेली, एक फावडं आणि वाळूचं अर्धं पोतं ठेवून जाईल. याला काम सुरू होणं म्हणतात. त्यानंतर मृग लागेपर्यंत घमेल्यांवर नजर ठेवावी.

ठेकेदार ओळखीतलाच घ्या. मेहुण्याच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी गाववाला असला की पुरे. ओळखीच्या माणसाकडे लेखी मागणं वाईट दिसतं, हा या नात्याचा मोठा फायदा. गच्ची किती चौरस फूट, जुना कोबा फोडणार की त्याच्याच डोक्यावर नवा चढवणार, केमिकल कुठलं, त्याचे हात किती, राडारोडा कोण उचलणार, असले प्रश्न ओठांवर आले तर त्यांच्यावर चहाचा घोट घ्या. "घरचंच काम समजून करतो, साहेब," असं तो म्हणेल. त्याच्या घराचं छत कसं आहे हे मात्र विचारू नका. रक्कम व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे लिहून घ्या आणि वर फक्त 'गच्ची वॉ. प्रू. कम्प्लीट' एवढंच असू द्या. कम्प्लीटमध्ये काय काय आलं, हे पुढे दोघांना आपापल्या सोयीने ठरवता येतं.

पक्क्या बिलाचा विषय तो स्वतःच काढेल. बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर पडेल, हे तो तुमच्या काळजीपोटी सांगतो. "छे छे, बिल कशाला?" म्हणा आणि पैसे रोख द्या. व्यवहाराचा एकही पुरावा मागे उरू न देण्याची एवढी सोपी सोय दुसरीकडे मिळत नाही.

काम चालू असताना वर जाऊ नये. ऊन असतं, आणि नको ते दिसतं. पाणी वाहून जायला गच्चीला १०० ला १ असा उतार लागतो, म्हणजे दर १० फुटांना साधारण सव्वा इंच. गवंडी तो नजरेने काढतो, आणि का कोण जाणे, त्याची नजर नेहमी पावसाळी पाइपाच्या नेमक्या विरुद्ध कोपऱ्याकडे झुकते. स्लॅब आणि कठडा जिथे काटकोनात भेटतात तिथे गळतीचं माहेर. त्या सांध्यात सिमेंटची गोलाई मारून केमिकलचं कोटिंग कठड्यावर फूटभर चढवायचं असतं. पण त्यासाठी चारी बाजूंनी खाली बसून सरकत जावं लागतं, आणि तुमचा गवंडी उभ्याने काम करणारा आहे. कोटिंग खालची धूळ, शेवाळ खरवडून, धुऊन, वाळवून मगच मारावं असं डब्यावर छापलेलं असतं. डब्यावर काय, पुष्कळ छापतात. बादलीत पाणी ओतताना तुम्ही बघितलंच, तर "पातळ केलं की आत मुरतं, साहेब" हे उत्तर तयार आहे. कामाअखेरी रिकाम्या बादल्या मोजत बसू नका. त्यांना पुढच्या गच्चीवर फोटोसाठी जायचं असतं.

काही किरकिरे लोक काम झाल्यावर पाइपाचं तोंड बुजवतात, गच्चीत दोनेक इंच पाणी साठवतात आणि ४८ तास खालच्या छताकडे टक लावून बसतात. काहींची खोड त्याहून वाईट. ते काठीने कोबा ठोकत फिरतात आणि कुठे बद्द आवाज आला की कोबा तिथे स्लॅबला धरलेलाच नाही हे ओळखतात. असल्या चाचण्यांनी माणसाचा माणसावरचा विश्वास उडतो. चाचणी पाऊस घेतोच की, आणि तीही फुकट. आपण एवढंच बघायचं की पहिल्या सरीआधी शेवटचा हप्ता त्याच्या हातात पडला पाहिजे. दहा टक्के रक्कम दिवाळीपर्यंत दाबून धरली तर ठेकेदार फोन पहिल्या रिंगला उचलतो, असा एक अपप्रचार आहे. त्याला बळी पडू नका.

पैसे पोचले की गॅरंटी मिळते. १० वर्षांची. रंगीत लेटरहेडवर, खाली गोल शिक्का. तारीख नसते, गच्चीचा पत्ता नसतो, पण 'नैसर्गिक कारणांमुळे होणारी गळती वगळून' ही ओळ बारीक अक्षरात जरूर असते. पाऊस हे नैसर्गिक कारण आहे. हा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण आता घरात ओल येणार आहे.

ती कुठे येईल हे सांगता येत नाही, हीच यातली गंमत. वर जिथे पाणी शिरतं तिथेच खाली टपकतं असं नाही. ते कोब्याखाली तळ ठोकून राहतं, विटांचे तुकडे भिजवतं, स्लॅबवरून सरपटतं आणि वायरिंगच्या पाइपातून उतरून पंख्याच्या हुकाला येऊन लोंबतं. पाऊस उघडून चार दिवस झाले, बाहेर लख्ख ऊन पडलंय आणि दिवाणखान्यात टपटप चालू आहे, असा चमत्कार पाहुण्यांना दाखवता येतो. (दिव्याच्या पॉइंटातून पाणी आलं तर तेवढा एमसीबी, म्हणजे मीटरबोर्डावरचा त्या लाइनचा स्विच, आधी पाडा. या लेखातला हा एकच सल्ला सरळ आहे.)

आता ठेकेदाराला फोन. तो उचलत नाही. वहिनींच्या मोबाइलवरून केला की उचलतो. "दोन दिवसांत माणूस पाठवतो" हे वाक्य सप्टेंबरपर्यंत पुरतं. खरंच आलाच, तर गच्चीवर एक फेरी मारून तो निदान करील: सोलरवाल्याने भोक पाडलंय, डिशवाल्याने बोल्ट मारलाय, मुळात बिल्डरचा स्लॅबच कच्चा आहे, यंदा पाऊसच असा आहे. "आपल्या कामातून थेंब येणार नाही, साहेब. हे दुसरीकडून येतंय." तेव्हा मान डोलवा. मग तो पांढऱ्या सिमेंटचे दोन पट्टे ओढून पाचशे रुपये मजुरी घेऊन जाईल.

फारच उबग आला तर नवा ठेकेदार आणा. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: "हे कुणी केलंय?" सूर असा, की जणू घरात मयत झालंय. जुना कोबा काढायला खर्च येतो, सबब तो त्यावरच आणखी चार इंच टाकेल. चार इंच कोबा म्हणजे चौरस फुटाला साधारण १८ किलो, हजार फुटांच्या गच्चीवर १८ टन. एवढं ओझं डोक्यावर आलं की माणूस गळतीची चिंता सोडतो आणि स्लॅबची करू लागतो.

तुम्ही सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर आणखी बहार. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, पण सर्वसाधारण सभेत दुसऱ्या मजल्यावरचे काका उठून "आमच्याकडे तर काही गळत नाही बुवा" म्हणतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो.

काही मंडळी मात्र खेळ बिघडवतात. नवी इमारत असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांतल्या बांधकामाच्या दोषासाठी रेरा या घरखरेदीदारांच्या कायद्याखाली बिल्डरला गाठतात; त्याला ३० दिवसांत फुकट दुरुस्ती करून द्यावी लागते. ठेकेदाराच्या कामाचे तारखेसकट फोटो काढतात, नोटीस पाठवतात, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. पण तिथे बिल आणि करार विचारतात. तुमच्याकडे व्हिजिटिंग कार्ड आहे. सुटलात.

शेवटचा उपाय गच्चीवर पत्र्याची शेड. महापालिकेची परवानगी लागते वगैरे बोलणारे भेटतील. त्यांच्याकडे काम नसतं. शेडचं काम आपल्या जुन्या ठेकेदारालाच द्या, त्याला गच्ची पाठ आहे. पत्र्याला हुकाचं भोक लाटेच्या माथ्यावर पाडायचं की पाणी वाहतं त्या खोलगट भागात, यावर त्याचं स्वतःचं मत आहे. वॉशर रबराचे नकोत, ते महाग पडतात. आणि खांबांचे बोल्ट तो कुठे ठोकणार आहे हे विचारू नका. तुमच्याच स्लॅबमध्ये ठोकणार आहे, कोटिंग फोडून, दर खांबाला चार. ॲडव्हान्स निम्मा मागेल. रोख द्या.