त्याने नुसती मान हलवली तेव्हा

त्या रात्री जेवताना नवऱ्याने मला सात-आठ वेळा "काय?" असं विचारलं. मग त्याने विचारणं सोडून दिलं आणि मी काहीही बोलले की हसून मान हलवायला लागला. ती मान माझ्या चांगल्या ओळखीची आहे. त्याला लहानपणापासून डाव्या कानाने कमी ऐकू येतं. गर्दीत ऐकायचा प्रयत्न करून करून थकला की तो असा हसतो. समोरच्याला वाटतं, पटलं याला. मला माहीत असतं, त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली त्या दिवशीचं हे जेवण. जागा मी शोधली होती, फोटो बघून. लहानसं फ्यूजन रेस्टॉरंट, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या स्वयंपाकाच्या परंपरा एका ताटात आणणारं, मोजकी टेबलं, मंद दिवे, काचेचं झाकण उचललं की धूर निघणारी एक डिश. जेवण चांगलं होतं. पण मला त्या रात्री त्याला एक गोष्ट सांगायची होती. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचा विचार कित्येक महिने मनात होता. धीर करून मी तो बोलून दाखवला आणि त्याने मान हलवली. परतताना गाडीत तो म्हणाला, "तू मधे काहीतरी महत्त्वाचं सांगत होतीस ना? मला एक शब्द ऐकू आला नाही." मी म्हटलं, नंतर सांगते. रडू येत होतं आणि गाडीत ते पुन्हा पहिल्यापासून सांगायची ताकद उरली नव्हती.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. दोघांसाठी जागा शोधताना मी आधी मेन्यू बघायचे, मग सजावट, मग लोकांचे फोटो. आता सुरुवात समोर कोण बसणार आहे इथून होते. त्याला कुठल्या कानाने ऐकू येतं, काय चालत नाही, दमून येणार आहे की ताजातवाना, हे आधी. बाकी सगळं त्यानंतर.

आवाजाबद्दल मी बरंच वाचलं. दोन माणसं साधं बोलतात तेव्हा आवाजाची पातळी साधारण ६० डेसिबल असते. भरलेल्या रेस्टॉरंटमध्ये ती सहज ८० पर्यंत जाते. आकडा विसानेच वाढलेला दिसतो, पण दर १० डेसिबलला आवाज कानाला अंदाजे दुप्पट वाटतो, म्हणजे गोंगाट जवळपास चौपट झाला. आणि तो आपणच वाढवतो. आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९११ मध्ये मांडलं. एक टेबल मोठ्याने बोलतं, म्हणून शेजारचं आणखी मोठ्याने, म्हणून त्याच्या पलीकडचं. जागा लहान असली की इथे उलट जास्त त्रास होतो, कारण टेबलं जवळ असतात. "इंटिमेट" म्हणून ज्या जागांची शिफारस होते त्यातल्या कितीतरी नुसत्या लहान असतात. लहान जागा आणि जवळीक वाटावी अशी जागा यात फार फरक आहे.

आता फोटो बघताना मी भिंती बघते. सिमेंटच्या उघड्या भिंती, मोठमोठ्या काचा, वर पाइप दिसणारं छत, कापड नसलेली टेबलं असतील तर आवाजाला मुरायला कुठे जागाच नाही, तो नुसता फिरत राहणार. जाड पडदे, गालिचा, कापडी गाद्यांच्या खुर्च्या दिसल्या की जरा बरं वाटतं. ओपन किचन मला मनापासून आवडतं, पण तिथे भांड्यांचा आवाज आणि एक्झॉस्टची घरघर असते, म्हणून टेबल त्यापासून लांबचं मागते. लोकांच्या अभिप्रायात मी चवीबद्दलचे शब्द शोधत नाही, "आवाज" आणि "म्युझिक" हे शब्द शोधते. तक्रार असेल तर लोक ती हमखास लिहितात.

गोंगाटाने चवही बदलते, हे मला नवीन होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या किम्बर्ली यान आणि रॉबिन डँडो यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना विमानाच्या केबिनमध्ये असतो तेवढा, सुमारे ८५ डेसिबलचा आवाज ऐकवत चवी दिल्या. गोड चव मंद झाली आणि उमामी, म्हणजे सोया सॉस किंवा पिकल्या टोमॅटोत लागते ती चव, जास्त जाणवली. ज्या जेवणाचा सगळा डोलारा दोन वेगळ्या परंपरांच्या चवींचा तोल सांभाळण्यावर उभा आहे, ते गोंगाटात वाढणं म्हणजे शेफच्याच मेहनतीवर पाणी.

मग एखादी शांत, ओळखीची जागा का नको, असं मैत्रिणीने विचारलं. मला नको होती. आम्ही दोघं रोज एकमेकांसमोर बसून जेवतो. ओळखीचं जेवण समोर आलं की ओळखीचंच बोलणं सुरू होतं: बिलं, दुरुस्त्या, उद्याची कामं. मानसशास्त्रज्ञ आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. जोडप्यातल्या दोघांची एका बाजूची मनगटं आणि घोटे एकत्र बांधले आणि त्यांना गाद्यांवरून रांगत, हात न लावता एक उशी पार न्यायला सांगितली. वेळ जेमतेम सात मिनिटं. ज्यांना कंटाळवाणं काम दिलं होतं त्यांच्यापेक्षा या जोडप्यांना नंतर आपलं नातं जास्त छान वाटलं. दोघांनाही नवीन असलेलं काहीतरी दोघांनी मिळून करणं, एवढंच त्यात होतं. चांगल्या फ्यूजन जेवणात हेच असतं. दोघांपैकी कोणालाच माहीत नसतं की पहिल्या घासात काय येणार आहे. दोघं एकदम एकमेकांकडे बघतात.

अट एकच, ते जेवण खरंच विचार करून केलेलं हवं. मेन्यूत पाच देशांचे साठ पदार्थ असतील तर मी पान बंद करते. एक छोटं स्वयंपाकघर साठ पदार्थांचा एकेक करून विचार करू शकत नाही. तिथे सॉस बदलतात आणि नावं बदलतात. दहा-पंधराच पदार्थ असतील आणि त्यातून कुठल्या दोन परंपरा एकमेकींशी बोलतायत हे कळत असेल, तर मी पुढे वाचते.

जगातली चांगली फ्यूजन जेवणं मुळात गरजेतून झाली आहेत. १८९९ मध्ये 'साकुरा मारू' या जहाजातून ७९० जपानी माणसं मजुरीसाठी पेरूच्या काय्याओ बंदरात उतरली. त्यांच्याकडे जपानी हात होते आणि समोर पेरूचा मासा, तिथलं लिंबू, तिथल्या मिरच्या. पिढ्यान्‌पिढ्या शिजत गेलेल्या त्या जेवणाला आज निक्केई म्हणतात. नोबुयुकी मात्सुहिसा हे सुशी शेफ १९७३ मध्ये लिमाला गेले आणि नेहमीच्या जपानी वस्तू मिळेनात म्हणून तिथल्या वस्तूंशी जुळवून घ्यायला शिकले. पुढे १९८७ मध्ये त्यांनी बेव्हर्ली हिल्समध्ये स्वतःचं रेस्टॉरंट काढलं.

त्यांनीच सांगितलेला एक प्रसंग मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. एका बाईने सशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे पातळ काप, परत पाठवली, कारण तिला कच्चा मासा खायचा नव्हता. मासा टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. समोर पॅनमध्ये ऑलिव्ह तेल तापत होतं, ते त्यांनी कापांवर ओतलं, वरून हलकेच शिजलेली ती प्लेट पुन्हा पाठवली आणि तिने ती सगळी संपवली. त्यांची पुढे प्रसिद्ध झालेली 'न्यू स्टाइल सशिमी' अशी जन्मली. समोरच्या माणसाला काय नकोय ते ऐकून घेतल्यामुळे! माझ्या मते क्रिएटिव्ह हा शब्द इथे वापरावा. काचेखालचा धूर दोन मिनिटांत विरतो.

म्हणून मी वाढणाऱ्याला एक प्रश्न विचारते: ही दोन एकत्र का आणली? चांगल्या जागी त्याचं तोंड उजळतं, तो सांगायला लागतो. कधी उत्तर साधं असतं. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. तेच ग्लुटामेट पार्मेझान चीजमध्ये असतं, पिकल्या टोमॅटोत असतं, मिसो या आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी वाटणात आणि सोया सॉसमध्येही असतं. इटली आणि जपान एका ताटात भांडत नाहीत त्याचं एक कारण हे. "नवीन आहे, ट्राय करा" एवढंच उत्तर आलं, तर स्वयंपाकघरातही कोणी हा प्रश्न विचारलेला नाही असं मी समजते.

एक सावधगिरी मात्र कुठल्याही जोडप्याने घ्यावी. फ्यूजनमध्ये पदार्थाच्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. भाज्यांच्या सूपमध्ये दाशी, म्हणजे जपानी पातळ रस्सा, असते, आणि दाशीत बहुतेक वेळा सुकवलेला बोनिटो मासा. किमची या कोरियन लोणच्यात बऱ्याचदा माशाचा सॉस किंवा कोळंबीचं खारवण असतं. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही हे छोटे मासे. तीळ आणि शेंगदाणे तर कुठेही निघतात. समोरचा शाकाहारी असेल किंवा त्याला कशाची अ‍ॅलर्जी असेल, तर हे बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. टेबलावर बसल्यावर त्या माणसाला स्वतःच्या ताटाची उलटतपासणी करायला लावणं बरं नाही, विशेषतः पहिल्याच भेटीत. त्याला अवघडल्यासारखं होतं आणि संध्याकाळ तिथून सावरत नाही.

टेस्टिंग मेन्यूबद्दल, म्हणजे शेफने ठरवलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक येतात त्याबद्दल, माझं मत बहुतेकांना पटणार नाही. डेटसाठी मला तो नको वाटतो. नऊ कोर्स म्हणजे नऊ वेळा प्लेट येणार, नऊ वेळा उचलली जाणार, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी आदबीने काहीतरी समजावणार. बोलणं अठरा वेळा तुटतं. ज्यांना काय मागवायचं याचाच ताण येतो त्यांना तो सोयीचा आहे हे मी मान्य करते. पण मला मधे ठेवून दोघांनी खायच्या प्लेट्स आवडतात. कॅटलिन वूली आणि आयेलेट फिशबाख यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्यांना चिप्स आणि साल्सा दिला, काहींना एकाच बोलमधून, काहींना वेगवेगळ्या, आणि मग मालक-कामगार अशा वाटाघाटी करायला लावल्या. एकाच बोलमधून खाल्लेल्यांचा समझोता लवकर झाला. मला यात नवल वाटलं नाही. एका प्लेटमधून खाताना दुसऱ्याचा हात बघावा लागतो, त्याच्यासाठी शेवटचा तुकडा ठेवावा लागतो.

दिव्यांचं थोडक्यात. मंद असावेत, पण समोरच्याचा चेहरा आणि मेन्यू दोन्ही दिसायला हवेत. ज्याला कमी ऐकू येतं तो ओठ बघून निम्मं ऐकतो. त्या पहिल्या जागी अंधार इतका होता की नवऱ्याकडून तेही गेलं.

तीन आठवड्यांनी मी दुसरी जागा ठरवली. या वेळी फोन केला, तोही दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, कारण तेव्हा फोन उचलणाऱ्याला बोलायला वेळ असतो. विचारलं, टेबल किती वेळ आमचं असेल, त्याच टेबलावर नंतरचं बुकिंग आहे का. बऱ्याच ठिकाणी दीड तासात उठावं लागतं आणि ते आपल्याला शेवटी कळतं. स्पीकर कुठे आहेत ते विचारलं. मग सांगितलं की माझ्या नवऱ्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तर त्याच्या डाव्या हाताला भिंत येईल असं कोपऱ्यातलं टेबल मिळेल का, आणि मी समोर न बसता त्याच्या उजव्या हाताला, काटकोनात बसले तर चालेल का. पलीकडच्या मुलीने क्षणभर विचार केला. मग म्हणाली, "सात नंबरचं टेबल ठेवते. आणि लवकर या, साडेसातला. नऊनंतर इथे आवाज वाढतो." तिने हे आपणहून सांगितलं, तेव्हाच मला जागा पसंत पडली. मेन्यू मी त्यानंतर बघितला.

आम्ही साडेसातला पोचलो. चार प्लेट्स मागवल्या, एकेक करून. मिसो लावून भाजलेलं वांगं आलं, त्यावर काहीतरी आंबट होतं. ते नेमकं काय यावर आमचं एकमत होईना, शेवटी विचारलं तर दोघांचंही चुकलेलं होतं. मग मी पुन्हा तो विषय काढला. नोकरी, माझं काम, किती पैसे बाजूला आहेत, किती दिवस पुरतील. सावकाश, सगळं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी थांबले.

त्याने मान हलवली नाही. काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "कल्पना चांगली आहे. पण पहिल्या वर्षाचा हिशोब मला पटत नाही. तू खर्च फार कमी धरलायस."

आम्ही पाऊण तास त्या हिशोबावर वाद घातला. पेन त्या मुलीकडूनच मागून घेतलं.