शाळा पाहावी फॉर्म भरून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून असं ज्यांनी म्हणून ठेवलं, त्यांना पुण्यात पोराची अ‍ॅडमिशन करावी लागली नव्हती. तुमची बदली पुण्याला झाली असेल, कंपनीने हिंजवडीत खुर्ची दिली असेल आणि घरात सहा वर्षांचं पोर असेल, तर आधी अभिनंदन आणि लगोलग सहानुभूती. पुणं हे विद्येचं माहेरघर. माहेरी येते तशी विद्या इथं सणासुदीला चार दिवस येऊन जाते, असा त्याचा अर्थ काही खवचट लोक लावतात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्यांची मुलं मोठी झालेली असतात.

आम्ही लातूरहून आलो. दहावी-बारावीला अख्ख्या महाराष्ट्रातून पोरं ज्या गावाची वाट धरतात, ते गाव सोडून आम्ही पहिलीसाठी पुणं गाठलं. यावरून सल्ला देण्याची आमची पात्रता तुमच्या लक्षात यावी.

तर, घराजवळच्या शाळेकडे ढुंकूनही पाहायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याखालचे राज्याचे नियम सांगतात की पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी. ते चालत जाणाऱ्यांसाठी. आमच्या वाकडच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून महापालिकेची शाळा आहे. बाथरूमच्या खिडकीतून तिथली प्रार्थना ऐकू येते. पहिले दोन महिने मला ती वरच्या मजल्यावरच्या काकांची रिंगटोन वाटायची. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची नात तिथं दुसरीत आहे. परवा ओट्याशेजारी पाय हलवत बसल्या बसल्या तिने महावितरणचं बिल मोठ्याने वाचून काढलं, ‘थकबाकी’सकट. आमचे चिरंजीव इतक्या दूरच्या शाळेत जातात, की त्यांना ‘थकबाकी’ म्हणजे काय ते मला विचारावं लागलं. आता सांगा, लिफ्टमध्ये कुणी ‘विच स्कूल?’ विचारलं, तर ‘ही काय, भिंतीपलीकडची’ असं सांगायला तुम्ही पुण्यात फ्लॅट घेतलात का?

बोर्डाचं काय, हे विचारायला लाजू नका, कारण पुण्यात गोत्र विचारण्याची ती नवी पद्धत आहे. स्टेट बोर्ड म्हटलं की समोरचा ‘अच्छा, अच्छा’ म्हणतो आणि विषय पावसावर नेतो. राज्यभरातल्या मुलांची पुस्तकं काढणारी बालभारती १९६७ पासून याच शहरात आहे, सेनापती बापट रस्त्यावर. तिच्या दारावरून दुसऱ्या बोर्डांच्या पिवळ्या बस रोज जातात, आणि सिग्नल लागला की तिथंच बराच वेळ थांबतातही. बोर्डाची पहिली परीक्षा दहावीला असते हे मनातसुद्धा आणू नका. फलकावर बोर्डाच्या नावापुढे ‘पॅटर्न’ असा शब्द दिसला तर त्या बोर्डाशी संलग्न असल्याचा कागद मागण्याचा गावंढळपणा करू नका. मान्यता न घेता शाळा चालवली तर शिक्षण हक्क कायद्यात लाखापर्यंत दंड आहे आणि त्यानंतरही चालू ठेवली तर रोजचे दहा हजारांपर्यंत. अनधिकृत शाळांची यादी वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. ती अ‍ॅडमिशन झाल्यावर, फी भरल्यावर, चहा घेत निवांत वाचावी.

आता मुलाखत. मुलाखत नसते, हे आधी नीट पाठ करा. २००९ च्या त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची कसलीही चाचणी घ्यायला बंदी घातली आहे. पहिल्यांदा सापडलं तर पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत. म्हणून तिला ‘इंटरॅक्शन’ म्हणतात.

आमच्या इंटरॅक्शनला मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली आणि हिने पैठणी नेसू की ड्रेस घालू यात पाऊण तास घालवला. आम्हाला मुलांच्या खुर्च्यांवर बसवलं. गुडघे हनुवटीला आणि हातात फाइल, अशा अवस्थेत माणूस आपोआप नम्र होतो. समोरच्या मॅम मोठ्या खुर्चीवर. त्यांनी हसून विचारलं, व्हॉट आर युवर पेरेंटिंग व्हॅल्यूज? ही पटकन म्हणाली, “खोटं बोलला की एक फटका.” मी घाईघाईने भाषांतर केलं, वी बिलीव्ह इन कॉन्सिक्वेन्सेस. मॅमना ते फारच आवडलं. मग त्यांनी चिरंजीवांपुढे गाईचं चित्र धरलं. पोराने ते बारकाईने पाहिलं आणि आजोळच्या गोठ्यातला सगळा अनुभव पणाला लावून सांगितलं, “ही गाभण आहे.” मॅम माझ्याकडे बघायला लागल्या. गाभणला इंग्रजीत काय म्हणतात ते मला ऐनवेळी आठवेना. मी म्हटलं, ही सेज काऊ. मॅमनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते आजतागायत कळलेलं नाही, पण अ‍ॅडमिशन झाली. म्हणजे चाचणी नव्हतीच.

शाळा बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल बघा, रोबोटिक्स लॅब बघा, रिसेप्शनमधला मत्स्यालयाचा पंप चालू आहे का बघा. एका वर्गात किती मुलं, असलं विचारू नका. कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय. माहितीपत्रकात ‘पर्सनल अटेन्शन’ असं लिहिलेलं असतं, त्यात तीसही आले आणि बेचाळीसही. मुलांची स्वच्छतागृहं कुठं आहेत, हाही प्रश्न नको. आणि बाईंना तर चुकूनही विचारू नका की तुम्ही इथं किती वर्षं शिकवताय. आमच्या पोराच्या पहिल्या सहामाहीत तीन वर्गशिक्षिका झाल्या. तिसऱ्या बाईंचं नाव त्याला पाठ झालं त्याच आठवड्यात त्यांच्या निरोपाचं ग्रीटिंग कार्ड करायचा होमवर्क आला.

मराठीची काळजी करू नका. २०२० च्या कायद्याने ती सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची केली आहे, त्यामुळे ती परक्या भाषेच्या इतमामाने शिकवली जाते. चिरंजीव घरी आजीशी बोलतात ती वेगळी.

फीचं गणित सोपं आहे: विचारायचं नाही. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यात पालक-शिक्षक संघ आहे, त्याची कार्यकारी समिती आहे, एकदा ठरलेली फी दोन वर्षं कायम ठेवायची असंही आहे. समितीवर जाल तर फीचे कागद बघायला मिळतील, म्हणून समिती निवडायच्या दिवशी गावाला जा. गणवेश अमुकच दुकानातून घ्या असं शाळा कधीच सांगत नाही. फक्त तो निळा-करडा चौकडीचा कपडा सबंध पुण्यात दुसरीकडे मिळत नाही.

राहिली बस. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने फर्मान काढलं, की चौथीपर्यंतच्या मुलांची झोप पुरी होत नाही, तेव्हा त्यांचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. आमच्या शाळेने ते मनावर घेतलं. वर्ग नऊला भरतो आणि बस सव्वासातला येते. आमचा स्टॉप पहिला, म्हणजे खिडकी हमखास. तिथून बस भूमकर चौकाला वळसा घालते, अकरा सोसायट्यांची पोरं गोळा करते आणि आपल्याला गुगलवर अकरा किलोमीटर दिसलेलं अंतर पुण्याच्या पद्धतीने कापते. संध्याकाळी उलटी गंमत: चढताना पहिला आलेला उतरताना शेवटचा. सव्वासातला मी त्याला गेटवर नेतो तेव्हा तो उभ्या उभ्या झोपलेला असतो, एक बूट उजवा आणि दुसराही उजव्याच पायात घालायचा प्रयत्न चाललेला. त्याच वेळी मावशींची नात अंथरुणात असते. ती पावणेदहाला उठवली तरी दहाच्या प्रार्थनेला हजर.

परवा लातूरहून आईचा फोन आला. नातवाला विचारत होती, “शाळा कुठंशी आहे रे बाळा तुझी?”

“बसमध्ये,” तो म्हणाला.

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि आईला सांगितलं, की शाळेला स्विमिंग पूल आहे. तिसरीपासून उतरू देतात.